टोंगळ्याला लेसर: हो म्हणण्याआधी

कामरगाव परिसरात निंदणाचं काम तासन्‌तास उकिडवं बसून चालतं. पन्नाशीच्या बाया टोंगळे, म्हणजे गुडघे, धरून दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, लेसरनं होत नाही काय?"

लेसर म्हणजे नवं आणि म्हणून चांगलं, हा समज सांध्याच्या बाबतीत खरा नाही. मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली टोकियोत दुर्बिणीतून गुडघ्याची फाटलेली गादी कापून काढली, तीही लेसरविना. लेसर सांध्यात शिरलं १९८०च्या दशकात. पहिलं कार्बन डायऑक्साइडचं. ते पाण्यात चालेना, म्हणून सांधा वायूने फुगवावा लागे. पुढचं होल्मियम लेसर सलाइनमध्ये चाललं आणि गाजलं. त्याचे किरण पाणी चटकन शोषून घेतं, त्यामुळे उष्णता खोल जाणार नाही असा हिशेब होता. तरीही काही रुग्णांमध्ये कूर्चेखालचं हाड मेल्याचं आढळलं. खांद्याचं सैल आवरण उष्णतेने आवळून पाहिलं, तर ते अनेकांत पुन्हा सैल झालं.

आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सेंटिमीटरभराच्याही आतले दोन-तीन छेद घेतात. एकातून कॅमेरा जातो, दुसऱ्यातून फिरतं पातं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीची कांडी. सलाइन सतत वाहत असतं. लेसर क्वचितच लागतं.

मुळात झिजलेल्या गुडघ्याला दुर्बिणीचाही फारसा उपयोग नाही. ह्यूस्टनच्या डॉ. ब्रूस मोझली यांनी २००२ मध्ये १८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा सांधा दुर्बिणीने धुतला वा साफ केला, काहींना नुसते कातडीवर छेद दिले. दोन वर्षांनंतरही दुखण्यात फरक नव्हता! म्हणून झिजेसाठी कुणी 'लेसर ऑपरेशन' सुचवलं, तर आत नेमकं काय कापणार, हे स्पष्ट विचारा. फिजिओथेरपीत कातडीवरून देतात ते लेसर वेगळं. त्यानेही झिजलेली कूर्चा परत येत नाही.

कबड्डीत किंवा गाडीवरून पडून लिगामेंट तुटलं, गुडघा मधेच अडकून सरळच होईना, तर मात्र दुर्बिणीची शस्त्रक्रिया खरोखर कामाची ठरते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

झिजेवर मुख्य उपाय म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणं. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, हळू खाली आणा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर उतरवा. जमेल तिथे उकिडवं बसणं टाळा. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका, मूत्रपिंडावर परिणाम होतो.

गुडघा अचानक सुजला, गरम लागला आणि सोबत ताप असेल, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.