कामावर इजा झाल्यास काय करावे

मळणीचे दिवस आले म्हणजे यंत्रात हात सापडल्याची वार्ता कोणत्या ना कोणत्या गावाहून आमच्या कानी येतेच. पेंढी आत सारताना बाहीचे टोक अडकते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बोटे जातात. अशा वेळी पहिल्या घटकेत काय करावे, आणि पुढील महिन्यांत काय करावे, ह्या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे. दुसऱ्या गोष्टीविषयी आमच्या लोकांत अज्ञान फार, म्हणून तिजवर आम्ही अधिक लिहितो.

प्रथम यंत्र बंद करावे. ते चालू असता हात ओढू नये. जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर उचलून धरावा. हळद, राख, तंबाखू, रॉकेल ह्यांपैकी काहीएक जखमेत भरू नये. बोट तुटून पडले असल्यास ते टाकून न देता स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ बोटास प्रत्यक्ष लागू देऊ नये. महाराष्ट्रात १०८ ह्या क्रमांकावर कळविल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते. धनुर्वाताची सुई टोचून घेण्यास विसरू नये.

इस्पितळात इजा कोठे व कशी झाली, असे विचारतात. पुष्कळदा मालकाचा माणूस सोबत असतो व "घरी पडलो म्हणून सांग, खर्चाचे आम्ही पाहू," असे कानात सांगतो. तसे मुळीच सांगू नये. तेथे जे लिहिले जाते तोच पुढे मोठा पुरावा होय.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मजुराची उजव्या हाताची तीन बोटे गेली. मालकाने थोडे पैसे देऊन कागदावर त्याचा अंगठा घेतला, आणि गावात वितुष्ट नको म्हणून आम्हीच त्यास गप्प राहावयास सांगितले. ती आमची चूक होती. त्यास विळा धरता येत नाही. तो आज दुसऱ्याच्या शेळ्या राखतो.

त्या वेळी आम्हांस कायदा ठाऊक असावयास हवा होता. मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. त्याची जागा आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता घेते, व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ट्रॅक्टर अथवा यंत्रबळाने चालणारी शेतीची कामे तीत येतात. कामामुळे व काम करीत असता इजा होऊन तीन दिवसांहून अधिक काळ काम करता आले नाही, तर मालक भरपाईस बांधलेला आहे. औषधोपचाराचा झालेला खर्चही त्याने द्यावयाचा. ठेकेदाराने मजूर आणला असला तरी मूळ मालक सुटत नाही. आणि हक्क सोडल्याचा कागद, त्यावर अंगठा असला तरी, कायद्यापुढे व्यर्थ होय. मात्र दारूच्या अमलात झालेल्या इजेबद्दल, मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसल्यास, मालकाकडे मागणे चालत नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो. मळणीच्या रात्री बाटली कोण आणतो हे सर्वांस ठाऊक आहे.

मागणी दोन वर्षांच्या आत सक्षम अधिकाऱ्यापुढे करावी लागते. परंतु मालकास सूचना त्वरित, होईल तितक्या लवकर, द्यावी. तिला वकिली भाषा नको. इजा झालेल्याचे नाव व पत्ता, दिवस, आणि इजा कशाने झाली, एवढे साध्या मराठीत लिहिले की पुरे. गावातील लिहिता येणाऱ्या कोणीही ते लिहून द्यावे. जवळ कोण कोण होते व मजुरी किती मिळत होती, हे त्याच दिवशी वेगळे टिपून ठेवावे, कारण साक्षीदार सुगी संपताच पांगतात. सूचनेच्या दोन प्रती कराव्या, एकीवर मालकाची सही घ्यावी. तो सही न देईल तर ती स्पीड पोस्टाने पाठवून पावती पेटीत जपून ठेवावी.