मोटार गचके कां खाते?

मोटार उभी असतां तिचें इंजिन सुरळीत चालतें. सपाट रस्त्यावर मंद गतीनें ती निमूटपणें जाते. परंतु वेग वाढविण्यासाठीं चालकानें ॲक्सिलरेटरवर पाय दाबला कीं ती क्षणभर अडखळते, हिसके देते आणि मग एकाएकीं पुढें झेपावते. हा विकार मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे. गॅरेजांत ‘गाडी मिसिंग मारते’, ‘गाडी उचलत नाहीं’ असें त्याचें वर्णन ऐकूं येतें. आमच्या सांताक्रूझमध्यें तर हा विकार त्रासाचा तसाच धोक्याचाही आहे. वाकोल्याहून पश्चिम द्रुतगति महामार्गावर शिरणाऱ्या गाडीस मागून येणाऱ्या वाहनांच्या वेगाशीं थोड्याच अंतरांत आपला वेग जुळवावा लागतो. नेमक्या त्याच क्षणीं इंजिनानें दगा दिला, तर मागील बसच्या चालकास ब्रेक लावण्यास कितीसा अवधि मिळणार?

या विकारासंबंधीं आमच्या विद्यार्थिवाचकांनीं एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी. गचका हें लक्षण आहे. तें रोगाचें नांव नव्हे. ताप आलेल्या मनुष्यास हिंवताप आहे, विषमज्वर आहे, कीं नुसतें पडसें आहे, हें तपासल्यावांचून सुज्ञ वैद्य औषध देत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र प्लग बदला, मग कॉइल बदला, मग पंप बदला, असा क्रम पुष्कळदां चालतो. तिसऱ्या खेपेस गाडी सुधारली, तर पहिल्या दोन वस्तूंचा पैसा व्यर्थ गेला. आणि तिसरीनेंही गुण आला नाहीं, तर तिन्हींचा गेला. टॅक्सीवर ज्याचा संसार चालतो, त्याच्या घरीं हा पैसा अन्नांतून वजा होतो.

आतां वेग वाढवितांनाच गाडी कां अडखळते, तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि योग्य क्षणीं पडणारी ठिणगी. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. ॲक्सिलरेटर दाबतांना आपण पेट्रोल ओततों, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आपण हवेच्या वाटेवरील झडप उघडतों. हवा हलकी असल्यामुळें ती तत्क्षणीं आंत धांवते. पेट्रोल जड असल्यामुळें मागें रेंगाळतें आणि त्याचा कांहीं अंश नळीच्या भिंतींस चिकटून राहतो. त्यामुळें क्षणभर मिश्रण विरल होतें. दुसरें असें कीं, सिलिंडरांत अधिक मिश्रण शिरल्यानें तेथील दाब वाढतो, आणि दाट वायूंतून ठिणगी उडविण्यास अधिक विद्युद्दाब लागतो. तिसरें, इंधनाची मागणी एकदम वाढते. सारांश, वेग वाढविणें ही हवा, इंधन व ठिणगी या तिघांची एकाच वेळीं घेतलेली परीक्षा होय. वर्षभर वर्गांत नुसती मान डोलावणारा विद्यार्थी जसा परीक्षेच्या दिवशीं उघडा पडतो, तसा अशक्त झालेला भाग या वेळीं उघडा पडतो.

याचें उत्तम उदाहरण मुंबईकरांस चिरपरिचित अशा पद्मिनी गाडीचें आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ही गाडी तयार होत असे. मूळची ती फियाट ११००; पुढें १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें विकली जाऊं लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें अनेक दशकें सेवा केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती या सेवेंतून निवृत्त झाली. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें होतें, व त्यास कार्ब्युरेटर असे. वर सांगितलेली क्षणिक विरलता भरून काढण्यासाठीं कार्ब्युरेटरांत एक लहानसा पंप बसविलेला असतो. पाय दाबतांच तो पेट्रोलची बारीक धार सोडतो. या पंपाचा पडदा फाटला किंवा छिद्रांत कचरा अडकला कीं गाडी अडखळलीच. तपासणी अगदीं सोपी होती. इंजिन बंद व थंड असतां हवेच्या गाळणीचें झांकण काढावयाचें, हातानें झडप उघडावयाची आणि धार पडते कीं नाहीं तें पाहावयाचें. यास एका पैचाही खर्च नाहीं.

उन्हाळ्यांत गर्दींत अडकलेल्या पद्मिनीचे चालक पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें टाकीत असत. तो पंप तापलेल्या इंजिनालाच जोडलेला असल्यामुळें नळींतील पेट्रोलची वाफ होई; पंप द्रव ओढावयास केलेला, वाफ त्यास ओढतां येत नसे. फडक्यानें पंप निवे, वाफेचें पुन्हा द्रव होई आणि गाडी चालूं लागे. शाळेंत पदार्थविज्ञान न शिकलेल्या माणसांनींही कारण ओळखून उपाय योजला होता, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो. संगणक झडपेची स्थिति व हवेचें प्रमाण मोजतो आणि इंजेक्टरद्वारां पेट्रोल फवारतो. तथापि हवा, इंधन व ठिणगी हे तीन विद्यार्थी तेच आहेत, आणि परीक्षाही तीच आहे. म्हणून निदानाची रीतिही फारशी बदललेली नाहीं.

पहिला प्रश्न ‘काय बिघडलें?’ हा नसून ‘केव्हां बिघडतें?’ हा असावा. गाडी थंड असतां गचके येतात कीं तापल्यावर? कोरड्या दिवशीं कीं पावसांत? चढावर कीं सपाटीवर? गचका ठराविक तालानें येत असेल, तर बहुधा एकाच सिलिंडरांत ठिणगी चुकत आहे. सगळी गाडीच दम लागल्यासारखी मागें ओढली जात असेल, तर इंधन अपुरें पडत असल्याचा संशय घ्यावा. ही उत्तरें कागदावर लिहून ठेवावीं.

ठिणगीची तपासणी प्रथम करावी, कारण ती स्वस्त आहे. काढलेला प्लग बोलका असतो. त्याचें टोक तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. काजळीनें काळें असेल तर पेट्रोल अधिक. पांढुरकें असेल तर मिश्रण विरल किंवा उष्णता फार. तेलानें ओलें असेल तर इंजिनच झिजलेलें. आमच्या भागांत पावसाचाही विचार केला पाहिजे. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला, हें सर्वश्रुत आहे. एवढा पाऊस क्वचितच पडतो. परंतु दर पावसाळ्यांतील दमट हवा जुन्या वायरींच्या व कॉइलींच्या तड्यांत शिरते आणि वीज प्लगपर्यंत न पोंचतां वाटेंतच निसटते. अंधारांत बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, दुरून पाहिलें असतां अशा ठिकाणीं निळसर ठिणग्या दिसतात. वायरीस हात मात्र लावूं नये, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग मुळींच करूं नये. मिलन सबवेसारख्या सखल जागीं पाण्यांत बंद पडलेली गाडी तर पुन्हा चालू करण्याचा यत्नही करूं नये. पाणी सिलिंडरांत शिरलें असल्यास तें दाबलें जात नाहीं, आणि आंतील दांडे वांकतात.

मुंबईंतील बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात, व पुष्कळ गाड्यांत पेट्रोलचीही सोय असते. अशी गाडी म्हणजे निदानाची आयती प्रयोगशाळाच होय. केवळ पेट्रोलवर गचके येत असतील, तर पेट्रोलचा पंप, गाळणी व इंजेक्टर यांकडे पाहावें. दोन्ही इंधनांवर येत असतील, तर दोहोंस सामाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे ठिणगी व हवा, तपासाव्या. केवळ गॅसवर येत असतील, तर गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर व त्याची गाळणी पाहावी. परंतु येथें एक सावधगिरी हवी. गॅसच्या मिश्रणांत ठिणगी पाडण्यास पेट्रोलपेक्षां अधिक विद्युद्दाब लागतो. म्हणून झिजलेल्या प्लगचा दोषही प्रथम गॅसवरच दिसतो.

इंधनाच्या बाजूस कचऱ्यानें भरलेली गाळणी हें नेहमींचें कारण. मंद गतींत तिच्यांतून पुरेसें पेट्रोल येतें, वेग वाढवितांना पुरत नाहीं. पंपाची शक्ति अंदाजानें न ठरवितां दाबमापक लावून मोजावी. देशांत २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. पाणी फार झालें कीं तें इथेनॉलसह तळाशीं वेगळें होतें. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकींतील पेट्रोलाविषयीं शंका अवश्य घ्यावी.

हवेच्या बाजूस तुंबलेली गाळणी, झडपेवर जमलेला काजळीचा थर आणि फाटलेली रबरी नळी हे तीन मुख्य दोष. फाटलेल्या नळींतून शिरणारी हवा मापकाच्या हिशेबांत येत नाहीं, आणि मिश्रण विरल होतें.

संगणक आपली तक्रार सांकेतिक अंकांनीं नोंदवितो. परंतु ‘दुसऱ्या सिलिंडरांत ठिणगी चुकते’ असें त्यानें सांगितलें, तर त्यानें जागा सांगितली, कारण सांगितलें नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यास व तिसऱ्याची दुसऱ्यास लावावी. दोष तिसऱ्याकडे गेला, तर कॉइल दोषी. तो दुसऱ्यांतच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करावी, नंतर इंजेक्टर तपासावा. समोरच्या फलकावरील इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागला, तर मात्र गाडी चालवूंच नये. न जळलेलें इंधन धुराच्या नळींतील शुद्धीकरण यंत्र जाळून टाकतें, आणि तो भाग फार महाग असतो.

कधीं कधीं इंजिन निर्दोष असतें. त्याची घरघर वाढते पण गाडीचा वेग वाढत नाहीं, तेव्हां क्लच घसरत असतो. पहिल्या गिअरमध्यें निघतांनाच गाडी थरथरत असेल, तर क्लच किंवा इंजिनाखालील रबरी आधार तपासावे.

या सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें: आधीं निरीक्षण, मग अनुमान, मग परीक्षा आणि शेवटीं खर्च. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी; दोन बदलल्या तर कोणत्या बदलानें गुण आला, हें कळत नाहीं. प्रयोगशाळेंत आपण हाच नियम पाळतों. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या वडिलांची किंवा काकांची गाडी गचके खात असेल, तर त्यांनीं तिच्यांत एकदां बसून वरील प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं, तो कागद मिस्त्रींच्या हातीं द्यावा, आणि भाग बदलला गेल्यास जुना भाग परत मागून घेऊन त्यांत दोष कोठें होता, तें त्यांनाच नम्रपणें विचारावें. चांगला मिस्त्री असा प्रश्न आनंदानें ऐकतो.