पंप घेण्याआधी पाठीला विचार

अगं, मोगऱ्याच्या कळीत अळी दिसतेय म्हणून चार्जिंगचा पंप घ्यायचा म्हणतेस ना, घे की. हातपंप मारून मारून खांदा दुखवून घेण्यापेक्षा बरं. पण दुकानदार ‘डबल मोटर, लांब फेक’ म्हणाला की लगेच मान डोलवू नकोस. लांब फेक आंब्याला हवी, तुझा मोगरा कमरेएवढा. उगाच प्रेशर वाढवलं की औषधाचं धुकं होतं, आणि ते कळीवर कमी, आपल्या नाकातोंडात जास्त जातं. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा अशा पंपांवरही बोट ठेवलं गेलं होतं. म्हणून प्रेशर कमी-जास्त करायचं बटण असलेलाच बघ.

सोळा लिटरची टाकी भरली की पंपासकट वीस किलोच्या सहज वर जाते. भाऊजी दिवाळीनंतर भिवंडीकडे कामाला. मग विहिरीपासून मोखाड्याचा तो चढ तूच चढणार. तेव्हा दुकानातच पाणी भरायला लाव, पट्टे आवळ, चार पावलं चाल, गन दाबून सोड. सोडल्यावरही नोझलमधून थेंब गळत राहिला तर तो पंप तिथेच ठेव. लाजायचं काय त्यात, पैसे आपले! शेतात मात्र टाकी दहा-बारा लिटरच भर.

बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची तुझ्या तुकड्याला पुरे. लिथियमची हलकी असते, पण महाग. साधी घेतलीस तर पूर्ण उतरवून कोपऱ्यात टाकू नकोस, बसेल ती. पावसात आपल्याकडे लाईटचा काय भरवसा, म्हणून फवारून आलीस की त्याच रात्री चार्जिंगला लाव. काम नसेल तेव्हाही महिन्यातून एकदा.

तणनाशक मात्र या पंपात कधीच नको. टाकीत जरा राहिलं तरी मोगरा करपेल. शेजारी मागायला आले तर ‘कशाला हवाय?’ विचारूनच दे, राग आला तर येऊ दे.

आणि फवारलंस की डब्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत कळी खुडायची नाही. दादरला गेलेला गजरा कुणीतरी केसांत माळणार आहे. तोंडाला फडकं, अंगात भाऊजींचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याकडे पाठ.

अनुदानाचं महाडीबीटीवर बघ. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे ना, मग आधी त्यांच्याशी बोल. आणि वॉशर, नोझल जव्हारात सुटे मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचार.