आखाड्यावरची ऊब आणि हवेचा हिशेब

अर्धापूरच्या शिवारात केळीच्या बागा आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ खुंटते, म्हणून शेतकरी बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करतात. ती शेकोटी उघड्यावर असते. परंतु रात्रपाळीची वीज असली की पाणी द्यायला गेलेला माणूस आखाड्यावरच मुक्काम करतो. मग पत्र्याच्या खोलीत शेगडी येते आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत पोते कोंबले जाते. ह्या पोत्याने खरोखर किती ऊब वाचते, ते आज मोजून पाहू.

खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच धरा. तिच्यात सुमारे २६ किलोग्रॅम हवा मावते. ही हवा १० अंशांनी तापवायला साधारण २६० किलोज्यूल उष्णता लागते. १ किलोग्रॅम गॅस जळाल्यावर सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे खोलीतील सगळी हवा तापवायला लागला अवघा ६ ग्रॅम गॅस!

मग सिलिंडर इतका लवकर का संपतो? त्याचे उत्तर पत्र्यात आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर एक चौरस मीटर पत्र्यातून दर सेकंदाला सुमारे ६ ज्यूल उष्णता निसटते. भिंती व छत मिळून ३८ चौरस मीटर आणि फरक १० अंशांचा, गुणाकार करा. सुमारे २३०० वॉट! तेवढी उष्णता भरून काढायला तासाला १८० ग्रॅम गॅस हवा. खोलीतील हवा तासातून चार वेळा बदलली तरी त्यापायी २४ ग्रॅमच जास्त जळतील. चोर पत्रा आहे, आणि आपण फटीला पकडतो. कडब्याच्या पेंढ्या लावायच्याच तर पत्र्याला बाहेरून लावाव्यात.

आता दुसरी बाजू. १ ग्रॅम गॅस जळताना सुमारे ३.६ ग्रॅम प्राणवायू खातो. खोली बंद असेल तर तासाभरात प्राणवायू २१ टक्क्यांवरून १९ च्या खाली येतो. पुढे ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपेतल्या माणसाला तेवढेही कळत नाही. गॅसला जो उग्र वास मुद्दाम दिलेला असतो तो गळती कळावी म्हणून. ह्या विषाची सूचना तो देत नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तलाव गोठले की लोक बर्फावर लहानशी खोपटी उभारतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरतात. तेथे ब्युटेनचा उपयोग नाही, कारण शून्य अंशाखाली तो द्रवच राहतो. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, म्हणून त्यांचे हीटर प्रोपेनचे. त्यांतील चांगल्या हीटरला एक सोय असते: प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत आपोआप विझते. गॅसचा हीटर घ्यायचाच असेल तर ही सोय आहे का, हे आधी विचारा; किंमत नंतर. तरीही खोलीला दोन झरोके हवेतच, एक वर आणि एक जमिनीलगत. आपला गॅस प्रोपेन व ब्युटेनचे मिश्रण असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो.

कोळशाच्या शेगडीला मात्र असली कळ नाही. निखारे लाल झाले, धूर थांबला, की ती आत घ्यायला हरकत नाही असे पुष्कळांना वाटते. हा समज घातक आहे. धूर नसलेला निखाराच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो, आणि गॅसप्रमाणे तो चावी फिरवून बंद करता येत नाही.

झोपलेल्या माणसाचे शरीर स्वतःच सुमारे ८० वॉट उष्णता देत असते. २३०० वॉटने पत्रा तापवण्यापेक्षा ते ८० वॉट घोंगडीत अडवणे मला तरी शहाणपणाचे वाटते. शेकायचे ते बाहेर, शेकोटीपाशी. तिची ऊब प्रारणाने सरळ अंगावर येते, मधली हवा तापावी लागत नाही.

तुमच्या घरातील गॅस गीझर न्हाणीघरात असेल तर हेच गणित तेथे करून पाहा. खोली आखाड्यापेक्षा खूप लहान आणि ज्योत कितीतरी मोठी, हे ध्यानात घ्या. झरोका कोणी बुजवलेला नाही ना, तेही पाहा.