रान कोणतं, ते आधी पाहा

पुणे

चि. सोनू,


सोयाबीनच्या चाचणीचं तू केलेलं जपानी भाषांतर वाचलं. वाक्यं चांगली वळली आहेत, क्रियापदं जागच्या जागी आहेत. एक शब्द मात्र पानभर चुकलाय. त्याचं उत्तर तुमच्या घरामागच्या शिवारातच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंग्रजी 'फील्ड'साठी तू सगळीकडे 'ता' लिहिलंस. शब्दकोशात तो सापडतो, खरं आहे. पण जपानी माणसाला 'ता' म्हटलं की बांधाबांधात पाणी साचवलेलं भातखाचर दिसतं. परभणीच्या काळ्या रानातलं सोयाबीन, तूर, कापूस, रब्बीची ज्वारी हे सगळं त्याच्या लेखी 'हाताके'. चिनी लिपीत शेताचं चिन्ह म्हणजे चार चौकोनांची एक चौकट. जपानात ती चौकट खाचराकडे गेली. मग कोरड्या शेतासाठी तिथल्या लोकांनी तिच्या डावीकडे विस्तवाचं चिन्ह ठेवून स्वतःचं नवं अक्षर घडवलं. ते अक्षर वहीत मोठं काढून बघ, पुन्हा विसरणार नाहीस.

'हाताके म्हणजे जिरायत' असंही लिहून ठेवू नकोस. आपण पाणी मिळतं की नाही यावरून जिरायत-बागायत म्हणतो. जपानी माणूस पाणी उभं राहतं का ते बघतो. जायकवाडीच्या कालव्यावर पाथरीकडे ऊस होतो. आपल्या बोलीत ते पक्कं बागायत, पण जपानीत तेही हाताकेच. आणि तुझ्या कागदात तर विद्यापीठाच्या प्रयोगाचे वाफे आहेत. अहवालाच्या भाषेत त्यांना 'होजो' म्हणतात, आणि शेतावरच्या चाचणीला 'होजो शिकेन'. तू कृषी विद्यापीठात शिकलीस, ते वाफे रोज पाहिलेस. हा फरक तुझ्याइतका कुणाला कळणार?

पुढे यंत्रांचे, विजेचे कागद हातात येतील तेव्हा हाच 'फील्ड' वेगळी रूपं घेऊन येईल. अभ्यासाचा विषय असेल तर 'बुन्‌या', फॉर्ममधला भरायचा रकाना असेल तर 'रान' (ऐकायला अगदी आपल्या रानासारखा), चुंबकाचा असेल तर 'जिबा'. विजेच्या बाबतीत तर भौतिकशास्त्रवाले 'देन्‌बा' म्हणतात आणि इंजिनिअर 'देन्‌काइ'. म्हणजे वाचणारा कोण, हेही आधी ठाऊक हवं.

इथे मराठीच तुला चकवेल. चुंबकीय क्षेत्र, संशोधनाचं क्षेत्र, पेरणीखालचं क्षेत्र, पंढरपूर क्षेत्र. आपण एका शब्दावर सगळं निभावून नेतो आणि मग जपानीतही एकच शब्द असेल असं वाटू लागतं. उलट काही ठिकाणी मराठी तुला इंग्रजीच्या पुढे घेऊन जाते. इंग्रजीत 'राइस' एवढंच. आपल्याकडे साळ वेगळी, तांदूळ वेगळा, ताटातला भात वेगळा. जपानीतही उभं पीक 'इने', दाणा 'कोमे', शिजलेला 'गोहान'. म्हणून इंग्रजी वाक्य हाती आलं की आधी मनात ते घरच्या बोलीत म्हणून बघ. आजी हे कसं बोलली असती? जिथे आजीने दोन शब्द वापरले असते तिथे थांब. आणि जिथे पुस्तकी 'क्षेत्र' तोंडात येतं तिथे तर नक्कीच थांब.

या कामाला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या मित्रांनी डच भाषेतलं शरीररचनेचं पुस्तक जपानीत आणलं, ते 1774 साली छापलं गेलं. धड शब्दकोशही हाताशी नव्हता. गेनपाकूंनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यात नाकाच्या वर्णनातल्या एका शब्दाची हकिगत आहे. अंगण झाडलं की कचऱ्याचं तेच होतं, अशा अर्थाचं, तोच शब्द असलेलं वाक्य त्यांना सापडलं. त्यावरून ताडलं की गोळा होऊन उंच होतं ते. मग नाक म्हणजे चेहऱ्यावर उंच झालेला भाग. शब्दाचा अर्थ त्यांनी झाडलेल्या अंगणातून काढला. मला ही माणसं फार मोठी वाटतात.

अडलं की इंग्रजी शब्दच काताकाना लिपीत लिहून मोकळं होण्याचा मोह होईल. तो टाळ. 'क्लेम' तसाच उचललास तर रोजच्या जपानीत 'कुरेमु' म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार. तुझ्या कागदात विम्याची मागणी असेल, किंवा कुणी नुसतं आपलं म्हणणं मांडलं असेल, आणि वाचणारा समजेल की कुणीतरी भांडायला आलंय.

तरीही उलगडलं नाही तर काम देणाऱ्याला विचार. भाषांतरासोबत शंकांची टीप जोडायची जपान्यांत पद्धतच आहे, तिला 'मोशिओकुरी' म्हणतात. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता ठोकून देणाऱ्याकडे काम दुसऱ्यांदा येत नाही, हे पुण्यात मी जवळून पाहतोय.

पहिलं पान दुरुस्त करून पाठव. दुसऱ्या पानावर 'प्लांट' चार ठिकाणी आहे. त्यांपैकी एक तेलगिरणी आहे असं मला वाटतं, पण मी सांगत नाही. मूळ कागद बघून तूच ठरव आणि कारण टिपेत लिही. डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला का तेही कळव. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा