मयेच्या तळ्यावर गरवताना

पेडणे,
मृग नक्षत्र

चि. ओंकार,

तू मयेच्या तळ्यावर गरवायला जातोस, असे आक्का सांगत होती. ऐकून आनंद झाला. हातात गरी धरून बसले की पाण्याकडे नीट बघायची सवय लागते. पण मासा कसा धरावा याच्याही आधी तो कधी धरू नये, हे शिकून घे.

या दिवसांत काठच्या गवताजवळ पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका हलताना दिसला, तर ती मरळीची पिल्ले समज. आईबाप खालीच राखणीला असतात. तिथे गरी टाकली की ते त्वेषाने धावून येतात आणि सहज सापडतात, म्हणूनच तिथे टाकू नकोस. राखण गेली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. एका दिवसाच्या हुमणासाठी अख्खे वेत बुडवायचे नाही.

चढणीच्या माशांचेही तेच. पहिल्या जोरदार पावसात ते व्हाळातून वर चढतात ते अंडी घालायला. थोडे धरावेत, पण सगळा व्हाळ अडवून जाळे लावणाऱ्यांबरोबर जाऊ नकोस. आपल्या समुद्रात १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. तोच संयम आपण दारच्या व्हाळातही पाळावा.

रोहू-कटला सापडला, तर तो कोणीतरी सोडलेला आहे हे ध्यानात ठेव. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवली, तेव्हापासून तळ्यांत सोडायला असे तयार केलेले बीज मिळू लागले. म्हणून गरी टाकण्यापूर्वी तळे ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घे. टिलापिया मात्र खुशाल घरी ने. तो मूळचा आफ्रिकेतला, १९५२ च्या सुमारास भारतात आणलेला. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे तो झपाट्याने वाढतो आणि आपल्या माशांची जागा खातो. बाहेरून आणलेला कुठलाही मासा तळ्यात सोडू नकोस.

लहान मासा परत सोडताना आधी हात भिजव. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. शिंगटीला धरताना कल्ल्यामागचे काटे सांभाळ. तुटलेला नायलॉनचा दोरा खिशात घालून घरी आण, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

डिचोलीतल्या खाणींच्या खंदकांवर मात्र पाऊल टाकायचे नाही. पाणी हिरवे, शांत दिसते, पण काठ तुटके आणि खोली एकदम. मगरी असलेल्या धरणांच्या काठीही बसू नकोस. एकटा कधीच जाऊ नकोस.

हे सगळे पाळून जे मिळेल ते आईला आणून दे, आणि धाकट्यांनाही हेच शिकव.

तुझा,
मामा