गिअर उडतात, दोष कुठे?

प्रश्न : जुनी रोड बाइक घेतली. मागचे गिअर आपोआप उडतात. सर्वांत मोठ्या चक्रावर डिरेलर स्पोकला घासतो. डिरेलर बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. सायकल उजव्या अंगावर पडली, की डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर आत वाकतो. मागून पाहा : डिरेलरची दोन्ही छोटी चाकं उभ्या रेषेत हवीत. तिरकी दिसली तर हँगर गेज लावून सरळ करून घ्या. तोवर सर्वांत मोठ्या चक्राचा गिअर टाकू नका, चाक जाम होईल. मग केबल-आउटर बदला, लिमिट स्क्रू लावा. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल, तर अ‍ॅडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. तरीही उडते? चेन मोजा. २४ कड्या १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरल्या, तर चेन बदला.